सीटबेल्टचं ई-चलान: नियम कोणाला लागू, पट्टा कसा लावायचा आणि चलान आलं तर काय करायचं

"मागे बसलोय, मला कशाला पट्टा?" आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गाडीत हे वाक्य ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. म्हणून आधी त्याचंच उत्तर. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, आणि हा नियम नवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८(३) सांगतो की गाडी चालू असताना चालकाने, त्याच्या शेजारी बसलेल्याने आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटांवरच्या प्रवाशांनी सीटबेल्ट लावलेला असला पाहिजे. नियम जुनाच, अंमलबजावणी मात्र फार उशिरा सुरू झाली.

त्या उशिराची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गाडीला अपघात झाला आणि गोपीनाथ मुंडे गेले. ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी गेले. दोघेही मागे बसले होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढच्या सीटवरचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून चालकासह सर्व प्रवाशांना पट्टा बंधनकारक असल्याचं जाहीर केलं.

नियम कोणाला, दंड कोणावर

दंडाची तरतूद मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-बी मध्ये आहे. स्वतः पट्टा न लावता गाडी चालवणारा आणि पट्टा न लावलेल्या प्रवाशांना घेऊन गाडी चालवणारा, दोघांनाही १,००० रुपये दंड. यातला दुसरा भाग नीट वाचा. मागे बसलेल्या काकांनी पट्टा लावला नाही तरी जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर येते. त्यामुळे "मी तर लावला होता" हे उत्तर पुरत नाही.

१४ वर्षांखालच्या मुलांसाठी याच कलमात वेगळं पोटकलम आहे. मूल पट्ट्याने किंवा लहान मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर त्याचाही दंड १,००० रुपये. आईच्या मांडीवर बसलेलं बाळ "धरलेलं आहे" म्हणून चालत नाही. ताशी चाळीसच्या वेगाने आदळलेल्या गाडीत कुठल्याही आईचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत.

उभ्या प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार अधिसूचना काढून या कलमातून वगळू शकतं. नियमही ज्या गाड्यांना पट्टे बसवणं लागू आहे त्यांच्यापुरताच आहे, त्यामुळे रिक्षा यात येत नाही. गर्भवती स्त्रियांना मात्र या नियमात कुठलीही सूट नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे. त्यांनी पट्टा कसा घ्यायचा ते पुढे येईल.

गुन्हा कोर्टात न नेता जागेवरच तडजोडीने मिटवण्यासाठी किती रक्कम घ्यायची ते कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं. म्हणून तुमच्या चलानवर जो आकडा आहे तोच धरा. व्हॉट्सॲपवर फिरणारी दरपत्रकं सोडून द्या.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हेल्मेटच्या गुन्ह्यात तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे, सीटबेल्टच्या कलमात तशी नाही. कलम २०६(४) मध्ये ज्या गुन्ह्यांसाठी पोलिसांनी लायसन्स जप्त करून पुढे पाठवायचं असतं, त्या यादीतही १९४-बी नाही. तेव्हा फक्त पट्ट्यासाठी कोणी "लायसन्स जमा करतो" म्हणत असेल, तर कुठल्या कलमाखाली ते शांतपणे विचारा आणि पावती मागा.

पट्टा लावायचा कसा

पट्टा लावला म्हणजे फक्त बक्कल अडकवलं असं नाही. अपघातात धक्क्याचा सगळा जोर शरीरातल्या भक्कम हाडांवर यायला हवा: कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं, बरगड्यांचा पिंजरा आणि गळ्याखालचं आडवं हाड. पट्टा पोटावर असला तर तोच जोर आतडी, यकृत आणि प्लीहेवर जातो.

आधी कंबर सीटच्या कोपऱ्यात टेकवून सरळ बसा. पट्टा सावकाश ओढा, कुठे पीळ पडला आहे का ते हाताने चाचपडा, बक्कल "टक्" आवाज येईपर्यंत दाबा. मग छातीवरचा भाग वर ओढा, म्हणजे मांडीवरच्या भागातली ढिलाई निघून जाते. आडवा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तिरका पट्टा खांद्याच्या मधोमध येऊन छातीवरून जायला हवा. तो गळ्याला घासत असेल किंवा खांद्यावरून निसटत असेल, तर बऱ्याच गाड्यांत पुढच्या दाराच्या खांबावर तो वर-खाली करायची कळ असते, ती वापरा.

गळ्याला टोचतो म्हणून तिरका पट्टा काखेखालून घेणारे पुष्कळ जण आहेत. तसं केलं की धक्का खालच्या बरगड्यांवर येतो, त्या मोडून आत घुसू शकतात, आणि वरचं शरीर पुढे झेपावतं ते वेगळंच. पट्टा पाठीमागे टाकून बक्कल लावणं म्हणजे तर पट्टा नसला की वाजणारी गाडीची घंटी फक्त बंद करणं. तीच घंटी बंद करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या नुसत्या क्लिपा विकणं थांबवा, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना दिला होता. तुमच्या गाडीत अशी क्लिप असेल तर आजच काढून टाका.

साडी नेसणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण गाडीच्या पुस्तिकेत हे कधीच नसतं. डाव्या बाजूच्या सीटवर तिरका पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, म्हणजे नेमका पदराच्या खांद्यावर. पदराचा गोळा त्याखाली राहिला की पट्टा घट्ट वाटतो, पण आत दोन-तीन बोटांची पोकळी असते. पदर खांद्यावर सपाट करून घ्या आणि मोठी पिन पट्ट्याखाली येऊ देऊ नका. आडवा पट्टा निऱ्यांच्या खोचलेल्या जाडीवर घेऊ नका. त्या जाडीच्या खाली, कमरेच्या हाडांवर घ्या. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, पण घाट लागायच्या आत सवय होते.

गर्भवतींनी आडवा पट्टा पोटाच्या उंचवट्याच्या खाली घ्यावा, आणि तिरका दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नको. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात. समोर चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर ती ठेवू नये. दोन मुलांना एका पट्ट्यात बांधू नये.

लांबच्या प्रवासात पुढची सीट आडवी पाडून झोपण्याचीही आपल्याकडे सवय आहे. तसं केलं की पट्टा छातीपासून दूर लोंबतो आणि धडक बसताच माणूस त्याखालून पुढे सरकतो. झोपायचं तर पाठ उभी ठेवूनच झोपा.

"एअरबॅग आहे की" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नाही. पट्टा नसलेला माणूस फुगत असलेल्या पिशवीवर आदळला तर तीच त्याला इजा करू शकते.

मागची बक्कलं सीट कव्हरखाली गाडली गेलेली असतील तर कव्हरवाल्याकडून छिद्रं करून ती वर काढून घ्या. दर काही महिन्यांनी प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून पाहा. तो जागच्या जागी अडला पाहिजे. कडा उसवल्या असतील, किंवा मोठ्या अपघातात पट्ट्यावर ताण आला असेल, तर तो बदलावा लागतो.

चलान होतं कसं

एक तर नाक्यावर पोलीस थांबवतात आणि हातातल्या यंत्रावर चलान करतात. त्या वेळी लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी मागितले जाऊ शकतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत. पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नका.

नाही तर कॅमेऱ्यातून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून बसलेली कॅमेरा यंत्रणा सीटबेल्टही टिपते. कॅमेऱ्याच्या चलानसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-ए आहे. त्यात कॅमेऱ्याने पकडायच्या गुन्ह्यांत १९४-बी आहे. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम चलानमध्ये हवं, आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. कॅमेरे आहेत अशी पाटी त्या टप्प्याच्या आधी लावलेली असणंही अपेक्षित आहे. पोलिसांनी चलानचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढू नयेत, असा आदेशही राज्यात २०२५ मध्ये निघाला आहे.

पट्टा काखेखालून घेतला असेल तर कॅमेऱ्याला खांद्यावर पट्टा दिसत नाही, आणि चलान येतं. मग "लावला होता" हे पटवून देणं अवघड जातं.

चलान पाहणं आणि भरणं

राज्याच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की प्रलंबित चलानं दिसतात. हे अंक आरसीवर असतात. देशभरासाठी परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल आहे. पैसे भरायच्या आधी फोटो उघडून पाहा: गाडी तुमचीच आहे का, रंग आणि मॉडेल जुळतं का, खांद्यावर पट्टा दिसतो का. काळ्या शर्टवर काळा पट्टा किंवा काचेवरची चमक, अशा फोटोंतून चूक होऊ शकते.

दंड भरला की कलम २०० प्रमाणे ते प्रकरण तिथेच संपतं. म्हणून चलान मान्य नसेल तर आधी पैसे भरू नका. तडजोड ऐच्छिक आहे. ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि सोबत हे जोडा:

- चलान क्रमांक आणि त्यातला फोटो
- आरसी आणि लायसन्सची प्रत
- दुसऱ्या गाडीचं चलान असेल तर आपल्या गाडीचे पुढून-मागून फोटो, त्या दिवसाचा फास्टॅगचा तपशील आणि बनावट नंबर प्लेटचा संशय असल्यास पोलीस तक्रारीची प्रत
- गाडी विकलेली असेल तर विक्रीचे कागद आणि मालकाचं नाव बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० ची पोच

शेवटचा मुद्दा नेहमी अडचणीत आणतो. गाडी दिली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर नोटीस जुन्या मालकाच्याच मोबाइलवर येते. गाडी दुसरं कोणी चालवत असेल, तर चालकाची माहिती देण्याची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकावर असते. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी म्हणूनच चालकाच्या लायसन्सची प्रत जपून ठेवावी.

तक्रार फेटाळली गेली किंवा चलानची मुदत उलटली की प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. आभासी (ऑनलाइन) न्यायालयाच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून ते सापडतं. तिथे दंड मान्य करून भरता येतो किंवा विरोध नोंदवता येतो, आणि विरोध केला की ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होतं. राष्ट्रीय लोक अदालतीतही अशी प्रकरणं घेतली जातात. तिथे कोर्ट फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. नोटीस, आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र घेऊन वेळेत पोहोचा. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा सही करण्याआधी रक्कम नीट वाचा.

चलानच्या नावाने "एपीके" फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका. ती उघडून बँकेचं खातं रिकामं झाल्याचे प्रकार घडले आहेत. सरकारी पत्ता "जीओव्ही डॉट इन"ने संपतो. लिंकवर बोट ठेवण्याऐवजी ॲप स्वतः उघडा आणि तिथे चलान आहे का ते पाहा.

पैसे भरल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा. खात्यातून रक्कम गेली आणि चलान प्रलंबितच दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, दोन-तीन दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा आणि तरीही बदल नसेल तर त्याच क्रमांकासह तक्रार करा.