चर्चच्या अंगणातले भोपळे

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या गावांत, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चांच्या हिरवळीवर भोपळ्यांचे ढीग दिसू लागतात. एके सकाळी मोठा ट्रेलर येऊन उभा राहतो. शाळकरी पोरं, निवृत्त मास्तर, पेन्शनीतल्या आज्या, बाह्या सरसावलेले पाळक अशी साखळी लागते आणि गवंड्याच्या हाताखाली विटा पुढे सरकाव्यात तसे भोपळे हातोहात उतरतात. देठाला धरून उचलू नका, ही सूचना पहिल्या पाच मिनिटांत तीनदा होते, कारण देठ मोडला की गिऱ्हाईक त्या भोपळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पुढचा महिनाभर आळीपाळीने टेबलावर बसून विक्री. आलेल्या पैशातला ठरलेला वाटा चर्चचा, बाकीचा माल पुरवणाऱ्याचा.

भोपळे संपत आले की हॅलोविनच्या सुमारास पार्किंगच्या जागेत गाड्यांच्या डिक्या सजवून पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटायची. याला ‘ट्रंक ऑर ट्रीट’ म्हणतात. मग वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं वाचायची उपासना, पुढच्या वर्षीच्या देणगीचे आकडे भरून घ्यायची कार्डं, बायकांच्या मंडळाचा बाजार, टर्कीचं सामुदायिक जेवण, आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभारदिनाच्या, आदल्या संध्याकाळी गावातल्या चार-पाच चर्चांची एकत्र प्रार्थना. दोन महिने नुसती धांदल. आपल्याकडे श्रावण ते दिवाळी जसं कॅलेंडर गच्च असतं तसंच, फक्त एक फरक आहे. यातलं जवळजवळ काहीच जुन्या चर्चच्या पंचांगातून आलेलं नाही.

ते का, हे समजायला मेथडिस्ट पंथाच्या मूळपुरुषाकडे जावं लागतं. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा अखेरपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पाळक. १ नोव्हेंबर १७६७ च्या रोजनिशीत त्यानं ‘सर्व संतांचा दिवस’ हा आपल्याला मनापासून आवडणारा सण असल्याची नोंद केली आहे. पण १७८४ मध्ये अमेरिकेतल्या अनुयायांसाठी उपासनेचं पुस्तक तयार करताना त्याच वेस्लीनं बहुतेक सणांवर काट मारली. आजच्या घडीला त्यांचा काही उपयोग नाही, असं कारण दिलं. ख्रिस्तजन्म, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, स्वर्गारोहण एवढे मोठे दिवस आणि रविवार ठेवले. स्वतःचा आवडता सणही गेला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बाल्टिमोरला परिषद भरली आणि अमेरिकेतलं मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं, ते हे मोकळं पंचांग घेऊन. उन्हाळ्यापासून नाताळापर्यंत सगळं रान रिकामं. ते रान पुढे शेतीनं, हिशेबानं, बायकांच्या मंडळांनी आणि चक्क राष्ट्राध्यक्षांनी भरलं.

हिशेबाचं आधी सांगतो, कारण मेथडिस्टांची घडणच त्यातून झाली आहे. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज कसं फेडायचं यावर बैठक बसली. एका जुन्या जहाजी कप्तानानं तोडगा काढला: प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना परवडणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा तो म्हणाला, माझ्याकडे अकरा गरीब द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. असे वसुलीला जाणारे लोक घरोघरी पोचले आणि कोण आजारी, कोण दारूला लागलेला, कोणाचं बायकोशी पटत नाही, सगळं कळायला लागलं. वेस्लीनं संधी ओळखली. वसुलीच्या या गटांचेच ‘क्लास’ झाले आणि पुढची शंभर वर्षं मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा तेच राहिले. भिशीतून भजनी मंडळ निघावं तसा प्रकार.

अमेरिकेत पाळक घोड्यावरून फिरत. एकेकाकडे वीस-पंचवीस ठिकाणं, त्यामुळे सगळे एकत्र यायचे ते तीन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या सभेला. तिथे पैशाचा हिशेब व्हायचा, पाळकाचं मानधन ठरायचं, आणि त्याला जोडूनच प्रेमभोजन असायचं. साधा पाव किंवा केक, पाणी आणि स्वतःचा अनुभव सांगायची पाळी. ही पद्धत वेस्लीनं जॉर्जिया वसाहतीत असताना मोरेव्हियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडून उचलली होती. १९६८ साली दोन पंथ एकत्र येऊन युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं, तेव्हा या त्रैमासिक सभेच्या जागी वर्षातून एकदा भरणारी ‘चार्ज कॉन्फरन्स’ आली. ती बहुतेक ठिकाणी शरदातच होते. जिल्ह्याचे अधिकारी येतात, पाळकाचा पगार आणि पुढच्या वर्षीचे पदाधिकारी ठरतात. देणगीची कार्डं त्याच सुमारास का फिरतात याचं उत्तर इथे आहे: जानेवारीपासूनचं अंदाजपत्रक बसवायचं तर नोव्हेंबरात आकडा हाताशी हवा. त्यावर प्रवचनं कितीही सुंदर होवोत, मूळ गरज खजिनदाराची.

आता थँक्सगिव्हिंग. १६२१ च्या शरदात प्लिमथला पन्नासेक इंग्रज वसाहतवाले आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी सुमारे नव्वद वाम्पानोआग पुरुष तीन दिवस जेवले, पाहुण्यांनी पाच हरणं आणली, ही गोष्ट अमेरिकेत सर्वांना ठाऊक आहे. त्या लोकांनी स्वतः त्याला थँक्सगिव्हिंग म्हटलं नव्हतं. त्यांच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस, मेजवानीचा नव्हे. जॉर्ज वॉशिंग्टननं २६ नोव्हेंबर १७८९ हा आभारदिन जाहीर केला, पण पायंडा टिकला नाही. पुढे अनेक दशकं हा मुख्यतः न्यू इंग्लंडचा सण होता. सेरा जोसेफा हेल या मासिकाच्या संपादिकेनं वर्षानुवर्षं पत्रं लिहून पिच्छा पुरवला, आणि अखेर यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला.

दक्षिणेत या सणाकडे संशयानं पाहिलं जाई, तो गुलामगिरीविरोधी उत्तरेचा म्हणून. मेथडिस्ट तर याच प्रश्नावरून १८४४ मध्येच फुटलेले. त्यामुळे एकाच पंथाची दोन चर्चं, आणि एकीला हा सण घरचा, दुसरीला लादलेला. ही फूट मिटली १९३९ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रँकलिन रूझवेल्टनं दुकानदारांच्या आग्रहाखातर थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे ओढला आणि देशच दुभंगला. साधारण निम्म्या राज्यांनी २३ नोव्हेंबरला टर्की कापली, निम्म्यांनी ३० ला, आणि दोन-तीन राज्यांनी दोन्ही दिवशी. चर्च जुळलं त्या वर्षी सण फुटला. १९४१ च्या डिसेंबरात कायदा होऊन नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला.

या मोकळ्या मोसमाला चर्चचं नाव द्यायचाही एक प्रयत्न झाला. १९३७ मध्ये ‘किंग्डमटाइड’ म्हणजे देवराज्याचा काळ असा ऋतू सुचवला गेला. मेथडिस्टांकडे तो पुढे ऑगस्टच्या अखेरीपासून आगमनकाळापर्यंतचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या काळापर्यंतचा, झाला. मेथडिस्टांनी तो इतरांपेक्षा जास्त जपला, पण १९९२ च्या उपासनापुस्तकानंतर तो जवळपास विरला. त्याच काळात ‘सर्व संतांचा रविवार’ मात्र घट्ट झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक ठोका आणि एक मेणबत्ती. घंटेचा नाद पूर्ण विरेपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही, एवढाच नियम. वेस्लीनं कापलेला सण दोनशे वर्षांनी मागच्या दारानं घरात आला.

या सगळ्यात १८६९ हे साल मला विशेष वाटतं. त्या वर्षी न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी टॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाच्या दातांच्या डॉक्टरानं एक उद्योग केला. तो मेथडिस्ट, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत पाव आणि द्राक्षाची दारू घ्यायच्या विधीची, तयारी बघण्याचं काम त्याच्याकडे. दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या माणसानं वेदीवर दारूचा पेला ठेवायचा, हे त्याला सलत होतं. द्राक्षाचा रस काढला की दोन-चार दिवसांत तो आपोआप आंबतो, हीच अडचण. उष्णता देऊन आंबणं थांबवायची पाश्चरची पद्धत नुकतीच कानावर आलेली. वेल्चनं द्राक्षं उकळली, रस फडक्यानं गाळून बाटल्यांत भरला, बुचं घट्ट बसवली आणि बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या. रस आंबला नाही. चर्चांनी आधी फारशी दाद दिली नाही. मुलानं पुढे तो धंदा म्हणून वाढवला आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून चाखला. आज अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाला जो रस मिळतो, त्याची सुरुवात ही.

आणि त्याच १८६९ च्या मार्चमध्ये बॉस्टनला मोजक्या बायकांनी स्त्रियांची परदेशी मिशन संस्था काढली. घोषवाक्य काय, तर आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. पुन्हा ब्रिस्टलची पेनीच. या चिल्लरीतून पहिल्या वर्षातच दोघीजणी हिंदुस्थानात धाडल्या: शिक्षिका इझाबेला थोबर्न लखनौला आणि डॉक्टर क्लॅरा स्वेन बरेलीला. लखनौचं इझाबेला थोबर्न (आय. टी.) कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. मेथडिस्ट महिला मंडळं आजही आभाराचं वेगळं अर्पण गोळा करतात. त्यांच्या शरदातल्या बाजारात मुरंब्याच्या बरण्या, विणलेले स्वेटर आणि ‘पाय’ नावाच्या गोड पेस्ट्र्या विकल्या जातात तेव्हा तो नुसता हौसेचा मामला नसतो, दीडशे वर्षांची ही वसुलीची सवय त्यामागे आहे.

मुंबई-पुण्याशी धागा जुळतो तो थोड्याच काळानं. विल्यम टेलर हा कॅलिफोर्नियात नाव कमावलेला प्रचारक १८७१ मध्ये मुंबईत आला. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी त्याला सामील झाले. ते १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणानं राहत होते. टेलरचा हट्ट असा की अमेरिकेतून पैसा घ्यायचा नाही, मंडळीनं आपला खर्च आपण भागवायचा. त्यातून मुंबईत आणि पुण्यात मेथडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. इथल्या चर्चनं थँक्सगिव्हिंगचा गुरुवार घेतला नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. मराठी ख्रिस्ती लोकांकडे त्यासाठी स्वतःचा शब्द आहे, उपकारस्तुती. वर्तमानपत्रांतल्या ‘आभार दिना’पेक्षा तो कितीतरी भारदस्त. कापणीच्या सणाला लोक धान्य, भाज्या, कोंबड्या घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. घेणारा ती कोंबडी पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. अंगणात माल मांडून चर्चसाठी पैसा उभा करण्याची कल्पना भोपळ्यांपेक्षा फारशी वेगळी नाही.

मराठी बायबलमधला आणखी एक शब्द इथे उपयोगी पडतो: सरवा. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं गरिबांनी वेचायची, मालकानं ती मागे ठेवायची, असा लेवीयच्या पुस्तकातला नियम. बायबलमधली गरीब विधवा रूथ सरवा वेचायला गेली तो हाच. १९७९ मध्ये व्हर्जिनियात दोन युनायटेड मेथडिस्ट पाळकांनी सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू ही संस्था काढली आणि पुढे आकारानं वाकडे, डागाळलेले म्हणून फेकले जाणारे बटाटे ट्रकनं अन्नछत्रांकडे पोचवायला सुरुवात केली. स्वयंसेवक शेतात जाऊन मागे राहिलेलं पीकही वेचतात. शरदातल्या चर्चच्या कामांत मला सगळ्यात अस्सल वाटतं ते हे.

उपकारस्तुतीचा विषय काढल्यावर एक तारीख टाळता येत नाही. १८६४ चा थँक्सगिव्हिंग २४ नोव्हेंबरला झाला. पाचच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या तळावर सैनिक तुटून पडले. सुमारे २३० माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. हल्ल्याचा प्रमुख कर्नल जॉन चिव्हिंग्टन हा मेथडिस्ट पाळक. प्रदेशाचा गव्हर्नर जॉन इव्हान्स हा नामांकित मेथडिस्ट गृहस्थ, शिकागोजवळचं इव्हान्स्टन त्याच्याच नावाचं. चर्चनं १९९६ मध्ये डेन्व्हरच्या महापरिषदेत माफी मागितली, २०१२ मध्ये पश्चात्तापाची उपासना झाली, २०१६ मध्ये इतिहासकाराचा अहवाल महापरिषदेपुढे आला. ज्यांची जमीन त्यांच्याच मेजवानीची चित्रं रविवारच्या शाळेत रंगवायची, हे काही मंडळ्यांना आता जड जातं. काहींनी ते बंद केलं, बऱ्याच ठिकाणी ते चालू आहे.

आणि पुन्हा ते भोपळे. ही वेल मूळची अमेरिका खंडातली. आपल्या भाजीतला लाल भोपळाही तिकडूनच आलेला. चर्चांना भोपळे पुरवणाऱ्या एका मोठ्या व्यवसायाची शेती न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनजवळ नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या राष्ट्राच्या जमिनीवर आहे आणि तोडणीला नवाहो माणसं असतात. कुठल्याशा गावात पाळकबाई देठाला न धरता पोटाशी घेऊन उतरवतात तो भोपळा तिथून ट्रेलरमध्ये चढलेला असतो. नोव्हेंबर उजाडला की उरलेले मऊ पडायला लागतात. मग कोणीतरी शेतकरी टेम्पो घेऊन येतो आणि डुकरांसाठी भरून नेतो. हिरवळीवर फिकट गोल डाग राहतात, आणि थँक्सगिव्हिंग उलटला की त्याच माणसांची साखळी कपाटातून नाताळच्या हिरव्या माळा काढायला लागते.