दोन बोटांची चाचणी : न्यायवैद्यकातल्या एका शेऱ्याची पार्श्वभूमी

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी रात्री तिची वैद्यकीय तपासणी झाली. वय अंदाजे १४ ते १६. अंगावर जखम नाही, योनिपटलावर जुने छेद आहेत आणि योनीत दोन बोटे सहज जातात, असा अहवाल आला.

हेच पुढे त्या मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून गाजले. अहवालातले ते शेवटचे वाक्य नीट पाहिले पाहिजे. त्यात घटनेविषयी काहीच नाही. कोणती इजा, कधीची, कशाने झाली, यातले एकही उत्तर त्यातून मिळत नाही. तरीही खटल्यात वजन पडले ते त्याचेच. मुलीच्या कपड्यांवर वीर्याचे डाग सापडले होते, पण ती 'संभोगास सरावलेली' असल्याने ते दुसऱ्या कोणाचेही असू शकतात, असे सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मानले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये आरोपींना दोषी ठरवले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले.

हा शेरा त्या डॉक्टरांच्या मनातून आलेला नव्हता. त्यांना तेच शिकवले गेले होते.

न्यायवैद्यक, म्हणजे न्यायालयीन कामासाठीचे वैद्यकशास्त्र, हा विषय भारतात आला तो इंग्रजी कायद्याचा हात धरून. सतराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले होते की बलात्काराचा आरोप करणे सोपे, सिद्ध करणे अवघड आणि आरोपीला तो खोडून काढणे त्याहून अवघड. तक्रार करणाऱ्या बाईकडे आधी संशयाने पाहायचे, हा धडा तिथला. १८५६ मध्ये नॉर्मन चेव्हर्स यांनी बंगालसाठी न्यायवैद्यकाची पुस्तिका लिहिली. तिच्यात एतद्देशीयांच्या जबानीवर भरवसा ठेवता येत नाही हे गृहीतच आहे. माणसाच्या शब्दापेक्षा शरीराची साक्ष खरी, आणि ती वाचणार डॉक्टर, अशी ती मांडणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेओं त्वानो या फ्रेंच न्यायवैद्यकतज्ज्ञाने 'खरी कुमारिका' आणि 'खोटी कुमारिका' असा भेद मांडला. पटल लवचीक असेल तर संबंध येऊनही ते फाटत नाही, म्हणून बोट घालून ताण पाहावा, असे त्याचे म्हणणे. भारतीय पाठ्यपुस्तकांनी हा भाग उचलला आणि आवृत्तीमागून आवृत्ती तो छापला जात राहिला.

त्याला कायद्याचीही जोड होती. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १५५(४) आरोपीला सरळ मुभा देत होते की तक्रारदार स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' असल्याचे दाखवून तिची साक्ष खोडून काढावी. दोन बोटांचा शेरा या कामाला आयता मिळाला. वकिलाने चारित्र्यावर बोट ठेवले तर निदान तो आरोप वाटतो. तेच डॉक्टरच्या सहीने आले की शास्त्रीय निष्कर्ष म्हणून गणले जाते.

त्याच काळात डॉक्टरांना दुसऱ्या प्रकारेही लिहिता येत होते, हे विसरता कामा नये. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. त्यानंतर ५५ महिला डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि कोवळ्या मुलींना झालेल्या इजांची उदाहरणे एकेक करून मांडली. मुलगी कशी होती हा प्रश्नच त्यात नव्हता, तिला काय झाले एवढेच होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली, ती याच वादळात.

आता शरीराकडे येऊ, कारण चाचणीचा सगळा डोलारा शरीराविषयीच्या एका चुकीच्या समजुतीवर उभा होता. योनिपटल म्हणजे दार बंद करणारा पडदा नव्हे. योनिमुखाच्या कडेने असलेली ती श्लेष्मल त्वचेची घडी असते, आणि मध्ये जन्मापासून मोकळी जागा असते. कोणाची घडी कड्यासारखी, कोणाची चंद्रकोरीसारखी. कोणाच्यात मध्ये पट्टी असते, कोणाची कड झालरीसारखी असते. झालरीतल्या नैसर्गिक खाचा 'जुने छेद' म्हणून नोंदवल्या जाणे ही नेहमीची चूक. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ही घडी जाड आणि लवचीक होते. त्यामुळे संबंधानंतरही ती जशीच्या तशी राहू शकते, किंवा छोटी जखम काही दिवसांत खूण न ठेवता भरून येते. २००४ मध्ये अमेरिकेत ३६ गर्भवती किशोरींची तपासणी प्रसिद्ध झाली. संबंध आल्याबद्दल तिथे शंकेला जागाच नव्हती, तरी प्रवेशाची निश्चित खूण फक्त दोघींमध्ये दिसली.

बोटांचे माप तर त्याहून निरर्थक. योनीची भिंत स्नायूंची आहे. भीती वाटली की ते स्नायू आवळतात, सैल सोडले की पसरतात. तपासणाऱ्याची बोटे जाड की बारीक, मुलगी किती घाबरलेली, याने निकाल बदलतो. आणि एवढे करून हाती काय लागते? पूर्वी कधी संबंध आला असेल-नसेल याचा अंदाज, तोही चुकीचा. काल काय झाले आणि तिची संमती होती का, याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट एका हल्ल्यातून आलेल्या बाईच्या शरीरात पुन्हा बोटे घातली जातात आणि नमुने बिघडण्याची भर पडते.

मथुरा प्रकरणाच्या निकालावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबईसह देशभरात स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला कडक शिक्षा आली. पण कलम १५५(४) तसेच राहिले. ते गेले २००२ च्या अखेरीस. अहवालाच्या नमुन्यातला दोन बोटांच्या शेऱ्याचा रकाना त्यानंतरही दहा वर्षे छापला जात होता, आणि माझ्या मते हीच या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. रात्रपाळीचा कनिष्ठ डॉक्टर रकाना रिकामा ठेवत नाही. पोलिसांचे पत्र 'बलात्कार झाला किंवा कसे' असे विचारते. बलात्कार ही कायद्याची संज्ञा आहे, वैद्यकीय निदान नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

बदलाचा मोठा धागा महाराष्ट्रातून गेला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला आणि प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला. मुंबईत 'सेहत' या संस्थेने २००८ पासून महापालिकेच्या तीन रुग्णालयांत वेगळी पद्धत चालवून दाखवली होती: आधी उपचार आणि धीर, मग पुरावा. जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर कायद्यातले बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीने ही चाचणी बंद करा म्हटले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खासगीपणा आणि प्रतिष्ठेवर घाला असल्याचे सांगितले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली.

त्या तत्त्वांप्रमाणे तपासणी अशी चालते. प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती, आणि कोणताही टप्पा नाकारला म्हणून उपचार थांबत नाहीत. १२ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती. मधल्या काळात आंघोळ केली का, कपडे बदलले का, लघवी झाली का हे लिहायचे, कारण त्यावरून पुरावा न सापडण्याचे कारण कळते. कपडे कागदावर उभे राहून उतरवायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. स्वॅब सावलीत वाळवूनच बंद करायचे. ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी येते, जंतू वाढतात आणि डीएनए खराब होतो. ७२ तासांनंतर पुरावा सापडण्याची शक्यता फार कमी होते, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घ्यायचे. गर्भनिरोधक गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस. योनिमुखाच्या आकाराचा, जुन्या संबंधांचा उल्लेखही करायचा नाही. जखमा साधारण एक-तृतीयांश प्रकरणांतच दिसतात, म्हणून 'जखम नाही' याचा अर्थ 'घडले नाही' असा लिहायचा नाही.

लोकांच्या मनातून मात्र ती समजूत लवकर गेली नाही. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्रीच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग शोधण्याची प्रथा होती. तिच्याविरुद्ध २०१८ मध्ये पुण्यातल्या त्याच समाजातल्या तरुणांनी जाहीर मोहीम काढली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी सक्ती लैंगिक अत्याचार मानण्याचे जाहीर केले. चादर आणि पाठ्यपुस्तक, दोन्हींचा आधार एकच होता. त्याच वर्षी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने, पुन्हा डॉ. खांडेकरांच्याच पाठपुराव्यानंतर, एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याच्या खुणा' हा भाग काढला.

३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयासमोर झारखंडमधले २००४ चे प्रकरण होते. बलात्कारानंतर पेटवून दिलेली, भाजून मृत्यूशी झुंजणारी मुलगी, आणि वैद्यकीय मंडळाने तिचीही हीच चाचणी केलेली. यापुढे ही चाचणी करणारा गैरवर्तणुकीचा दोषी ठरेल, असे न्यायालयाने बजावले. तरी ३१ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या अभ्यासक्रमात योनिपटलाचे प्रकार आणि कौमार्याचे न्यायवैद्यकीय महत्त्व हे मुद्दे परत आले. विरोध झाला, आणि ५ सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला.