बीकरमध्ये तयार होणारे प्रकाशसंवेदक: स्वस्त पद्धतीची जुनी वाट

अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा हा शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातला ठरलेला प्रकल्प. त्यातली नागमोडी रेघेची छोटी चकती म्हणजे एलडीआर, प्रकाशानुसार विजेला होणारा रोध बदलणारा घटक. वर्षानुवर्षे ती बनत आली कॅडमियम सल्फाइडची. महागडी यंत्रे न वापरता, द्रावणातून प्रकाशसंवेदक बनवण्याची आज जी चर्चा होते, तिची मुळे शोधायची तर सिलिकॉनच्याही मागे जावे लागते.

प्रकाश पडला की काही पदार्थांचा रोध कमी होतो, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांनी जाहीर केले. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेताना मोठा रोध हवा म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण मोजमाप एका जागी टिकेना. कांडीवर उजेड आला की रोध घसरायचा.

त्यानंतर अकराच वर्षांनी, १८८४ मध्ये, डब्लिनचे रसायनज्ञ एमर्सन रेनॉल्ड्स यांनी थायोयुरिया हे गंधकयुक्त संयुग वापरून द्रावणातून लेड सल्फाइडचा आरशासारखा चकचकीत थर बसवला. पुढे हेच द्रव्य अवरक्त किरण टिपायला उपयोगी पडेल याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती. निसर्गात लेड सल्फाइड गॅलिना या खनिजाच्या रूपात सापडते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या स्फटिकावर बेतलेल्या शोधकाचे (डिटेक्टरचे) अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळवले. हा शोधक विद्युतलहरींबरोबर प्रकाशालाही प्रतिसाद देत असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लेड सल्फाइडचे अवरक्त शोधक वापरले आणि युद्धानंतर त्याचे थर द्रावणातून बसवणे ही नेहमीची पद्धत होऊन बसली.

सिलिकॉनने मात्र सगळे चित्र पालटले. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांना सिलिकॉनच्या एका तुकड्यावर प्रकाश पडताच वीज निर्माण होताना दिसली. सिलिकॉन वितळते १४१४ अंश सेल्सियसला. त्यापुढे धूळमुक्त खोल्या आणि निर्वात कक्ष आलेच. एक फोटोडायोड, म्हणजे सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक, आज स्वस्त मिळतो, तो लाखोंनी बनतो म्हणून. कारखाना स्वस्त नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला तो उभारता येत नाही.

बीकरची पद्धत मला महत्त्वाची वाटते ती इथे. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात थेंबथेंब अमोनिया घातला की आधी पांढरा गढूळपणा येतो. अमोनिया वाढवला की द्रावण पुन्हा नितळ होते. मग थायोयुरिया घालायचा, स्वच्छ धुतलेली काचपट्टी उभी सोडायची आणि बीकर ६० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात ठेवायचा. द्रावण हळूहळू फिकट पिवळे, मग गडद होते. पट्टी काढून धुतली की काचेला घट्ट चिकटलेला, पारदर्शक पिवळा थर दिसतो. त्यावर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके दिले, मल्टिमीटर जोडला आणि दिवा लावला, की रोधाचा आकडा उतरतो. सगळी करामत वेगाची आहे. अमोनिया कॅडमियमचे आयन धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, थायोयुरिया सल्फाइडही तसेच सावकाश देतो. दोन्ही एकदम सुटले तर काचेवर फारसे काही उरत नाही, सगळे तळाशी बसते.

भारतात दिल्लीच्या आयआयटीत के. एल. चोप्रा यांच्या गटाने या थरांची वाढ कशी होते यावर १९८० च्या सुमारास पायाभूत काम केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी ही पद्धत अनेक धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडांपर्यंत नेली. १९९१ मधला त्यांचा आढावा लेख या विषयात शिरणाऱ्याने आजही वाचावा असा आहे.

पण या पद्धतीत एक दोष पहिल्यापासून होता. बहुतेक कॅडमियम काचेवर न बसता गाळात जाते, आणि तो गाळ विषारी असतो. १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी सिलार नावाची पद्धत मांडली. तीत काच आधी धातूच्या द्रावणात, मग पाण्यात, मग सल्फाइडच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात बुडवतात. दोन्ही द्रावणे वेगळी राहिल्याने गाळ टळतो आणि थर फेरीफेरीने वाढतो. पठाण आणि लोखंडे यांचा २००४ मधला आढावा याच पद्धतीवर आहे.

द्रव्य मात्र तेच राहिले. उपकरणांतल्या घातक द्रव्यांना मर्यादा घालणारे युरोपीय संघाचे आरओएचएस नियम जुलै २००६ पासून लागू झाले आणि विद्युत उपकरणांत कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्क्यावर आली. भारताच्या ई-कचरा नियमांतही हीच मर्यादा आहे. तेव्हापासून कथील, बिस्मथ, तांबे आणि जस्त यांच्या सल्फाइडांकडे संशोधकांचा ओढा वाढला. २००९ मध्ये जपानमधल्या मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या द्रव्याचे सौरघट दाखवल्यावर द्रावणातून बनणाऱ्या प्रकाशसंवेदकांनाही नवी उभारी आली. मात्र उत्तम चालणाऱ्या पेरोव्स्काइटांत शिसे असते आणि ओलाव्याने ते खराब होतात. अशा संवेदकाला, तो कितीही स्वस्त असला तरी, मी अजून पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

सिलारचाही हिशेब पुरता लागलेला नाही. थर जाड करायला बुडवण्याच्या अनेक फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीत दोनदा धुवावे लागते आणि त्या पाण्यात धातूचे आयन उतरतात. ते पाणी सिंकमध्ये सोडायचे की धातू वेगळा काढून पुन्हा वापरायचे, याचा खर्च संवेदकाच्या किमतीत क्वचितच धरला जातो.