शहाण्णव मेंढ्यांचा एक दिवा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलेला मराठी माणूस प्राकाराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा १८०३ सालचा लेख हमखास शोधतो. तो वाचावाच. पण मुख्य देवळाच्या जोत्याशीही थांबावं. राजराज चोळानं साधारण १०१० मध्ये मंदिर पुरं केलं आणि त्याचा जमाखर्च दगडावर कोरवला. 'आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं' सगळं कोरा, अशी त्याची आज्ञाच तिथे आहे.

यातला नंदादीपाचा हिशोब बारकाईनं पाहण्यासारखा आहे. दिवा कायम तेवायचा तर तूप रोज हवं, आणि साठवलेलं तूप खवट होतं. म्हणून दान जनावरांचं: एका दिव्यामागे ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. जनावरं सांभाळणाऱ्यानं रोज एक 'उळक्कु' तूप पोचवायचं. उळक्कु म्हणजे 'नाळी' या मापाचा चौथा हिस्सा. आपल्याकडे शेराचं चिपटं, तसं. वर्षाला झाल्या सव्वाएक्क्याण्णव नाळी, म्हणजे एका मेंढीमागे वर्षभरात नाळीभरसुद्धा नाही. आकडा मुद्दाम हात राखून ठरवलेला वाटतो. मेंढी काही बारा महिने दूध देत नाही. कळप मोठा असेल तरच आटलेल्या दिवसांत वाटी भरते.

मेंढ्या मेल्या तर? चोळांच्या लेखांत अशा दानाला 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या' म्हणतात. कोकरांतून भरती करायची, वहीतला आकडा ९६ च राहणार. कळपात रोग शिरला तरी तूप चुकवता येत नसे, आणि मेंढपाळाबरोबर त्याचे नातलगही बांधलेले असत. देवाचा दिवा उजळत होता तो या घरांच्या जिवावर, हे विसरू नये.

रोख दान गावांच्या सभांना व्याजानं दिलं जाई. दर साडेबारा टक्के, म्हणजे एका काशु नाण्यामागे वर्षाला त्याचा आठवा हिस्सा. गावोगावी मापं वेगळी असली की भरणा कमी पडणारच, म्हणून देवाच्याच नावाचं 'आडवल्लान' हे माप ठरवून दिलं होतं.

याच मापानं ४०० नर्तकींना दरसाल प्रत्येकी १०० कलम भात मोजून मिळे. कलम ९६ नाळींचा, म्हणजे रोजचा हिशोब सव्वीस नाळींच्या वर जातो. त्यांना इतर देवळांतून आणून मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर घरं दिली होती. कुठल्या ओळीत कितवं घर, तिथे कोण, ती कुठल्या देवळातून आली, हे एकेक करून कोरलं आहे. एखादी वारली किंवा परगावी गेली तर तिचा वाटा जवळच्या नातलगानं घ्यायचा आणि सेवा करायची. त्याच्या अंगी ते गुण नसतील तर त्यानं दुसरी लायक व्यक्ती नेमून द्यायची.