इसब ‘दाबला’ की दमा होतो?

‘मलम लावून इसब दाबू नका, तो आत जातो आणि मुलाला दमा होतो.’ हे घरोघरी इतक्या खात्रीने सांगितलं जातं की आई दोन दिवसांत ट्यूब बंद करते. पोर मात्र रात्रभर गुडघ्यामागची लवण ओरबाडत राहतं.

इसब आत जात नाही. इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो हे खरं, पण दोन्हींच्या मुळाशी ॲलर्जीची एकच प्रवृत्ती असते. इसब आधी दिसतो, दमा नंतर. म्हणून दोष मधल्या मलमावर येतो.

इसबाच्या मलमात बहुधा स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि खाज कमी करणारं औषध असतं. त्याच्या भीतीला आधार आहे, तो नाकारू नये. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोपडलेल्या स्टिरॉइडच्या क्रीमने त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती योग्यच. पण डॉक्टरांनी वय आणि जागा बघून दिलेलं सौम्य मलम, सांगितले तितकेच दिवस, ही वेगळी गोष्ट.

किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी टिकलीएवढं लावलं तर इसब हटत नाही आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा ग्रह होतो.

लाली गेली तरी मॉइश्चरायझर रोज हवाच, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. तो मुलाला स्वतःच्या हाताने लावू द्या. रडारड बरीच कमी होते.