आपत्कालीन पायी स्थलांतर : लहान मुले आणि सामान

पूर, वणवा, भूकंप, त्सुनामी, वायुगळती किंवा युद्ध यांमुळे राहती जागा तातडीने सोडावी लागते, आणि वाहन मिळत नाही किंवा रस्ता वाहनाच्या कामाचा उरत नाही, अशा वेळी लहान मुलांना अंगावर घेऊन व निकडीचे सामान बरोबर ठेवून सुरक्षित ठिकाणी चालत जाणे. या विषयाच्या माहितीपत्रकांत बहुधा सामानाची यादी आधी येते. प्रत्यक्षात हिशेब मुलापासून मांडावा लागतो, कारण सर्वांत जड ओझे तेच असते आणि वाटेत खाली ठेवून पुढे जाता येत नाही असेही तेच.

नवजात बाळ साधारण 3 किलोचे असते, वर्षाचे मूल 9 ते 10, दोन वर्षांचे 12 आणि चार वर्षांचे 16 किलोच्या आसपास. लांब पल्ला चालताना पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावे, असा गिर्यारोहकांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. 60 किलोच्या माणसाला हे 12 किलो होतात, म्हणजे दोन वर्षांचे मूल उचलले की मर्यादा संपली. त्यावर प्रत्येक लिटर पाण्यामागे एक किलो वाढतो. तयार करून ठेवलेली पिशवी म्हणूनच मूल अंगावर घेऊन उचलून पाहावी. नुसती पिशवी उचलली की सगळेच जमेलसे वाटते.

मूल कडेवर घेणे ही सगळ्यांची पहिली सवय, पण थोड्या अंतरापलीकडे ती उपयोगाची नाही. एक हात पूर्ण अडकतो, कंबर एका बाजूला झुकते, आणि काही मिनिटांतच कोपर भरून येते. जिन्याचा कठडा धरायला, बॅटरी दाखवायला, पडताना सावरायला एक हात मोकळा लागतो. तो मिळावा म्हणून मूल कापडाने किंवा पट्ट्यांच्या झोळीने अंगाशी बांधतात. कापड ताणले न जाणारे, विणीचे घट्ट हवे आणि गाठ निरगाठ हवी. सुरगाठ ओढली गेली की सुटते. मान न धरणारे बाळ नेहमी पुढे, छातीशी बांधावे. त्याचे तोंड व नाक उघडे आणि आपल्या नजरेसमोर असावे, हनुवटी छातीला टेकलेली नसावी. मध्ये दोन बोटे सहज जावीत. तान्ह्या बाळाची मान पुढे कलंडली तर श्वासनलिका दबते आणि बाळ रडूनही सांगू शकत नाही. ही एक तपासणी घाईतही सोडू नये.

बसू लागलेले मूल पाठीवर घेता येते. मोठ्या माणसाला आपली पावले दिसतात आणि लांब चालणे सोपे जाते. उलट दाट गर्दीत पाठीमागच्या मुलाला कोण ढकलते आहे ते कळत नाही, तेव्हा तेच मूल पुढे घेतलेले बरे, मग पायरी पायाने चाचपत उतरावी लागली तरी चालेल. खांद्यावर बसवणे मुलांना आवडते, पण तोल वर सरकतो. आणि धुराने भरलेल्या जागेत तर ते टाळावेच, कारण गरम धूर छताकडे साचतो आणि मुलाचे डोके नेमके त्यातच जाते.

चालू शकणाऱ्या मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे. मात्र त्याला एका हाताने हिसडा देऊन उचलू नये. पाच वर्षांखालच्या मुलांत तेवढ्यानेही कोपराच्या सांध्यातले हाड जागचे सरकू शकते. उचलायचे तर दोन्ही काखांत हात घालून. बाबागाडी सपाट रस्त्यावर मोठा आधार ठरते, पण चिखल, ढिगारा किंवा जिना आला की तीच अडचण होते. म्हणून गाडी घेतली तरी झोळी बरोबर असावी.

2012च्या ऑक्टोबरात सँडी वादळात न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाची वीज गेली, तेव्हा नवजात अतिदक्षता कक्षातील 20 बाळे परिचारिकांनी नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणली. बरोबरची माणसे बॅटरीचा उजेड दाखवत होती. जपानमधील कामाइशी येथे 11 मार्च 2011 रोजी भूकंपानंतर त्सुनामी येत असताना माध्यमिक शाळेतील मुलांनी प्राथमिक शाळेतील लहानग्यांचे हात धरले, बालवाडीतल्या मुलांच्या ढकलगाड्या ढकलल्या आणि पहिली जागा अपुरी वाटताच आणखी उंचावर धाव घेतली. तेथे असा सराव आधीपासून होत होता.

हाताशी किती वेळ आहे, यावर सामान ठरते. घर पेटले असेल किंवा लाट येत असेल तर फक्त मूल उचलावे. तास-दोन तास मिळत असतील तर पाणी, बाळाचे दूध, चालू औषधे, क्षार-साखरेच्या पुड्या, लंगोट, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे, शिट्टी, कागदपत्रे आणि कपाळाला बांधायची बॅटरी, इतके पुरे. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचे दूध सर्वांत सुरक्षित, आणि ते वेगळे वाहावे लागत नाही. आईला मात्र पुरेसे पाणी लागते. पावडरचे दूध द्यायचे तर स्वच्छ पाणी, ते तापवण्याची सोय आणि भांडे हा सगळा पसारा बरोबर येतो. मूल पुढे असेल तर पिशवी पाठीवर, म्हणजे तोल राहतो.

उचललेल्या मुलाबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. चालणारा घामाघूम होतो, पण मूल हालचालीविना गारठते. हाताला लागलेल्या ऊबेवर विसंबू नये. मुलाची मान आणि लोंबकळणारी पावले वरचेवर चाचपावीत. कडक उन्हात उलटे घडते, आपल्या छातीची उष्णता बाळाला जाते, म्हणून मधूनमधून गाठ सैल करून त्याला वारा लागू द्यावा.

वाहत्या पाण्यात शिरू नये. 15 सेंटीमीटर वेगवान पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते, आणि अंगावर मूल असताना सावरायला वाव राहत नाही. दुसरा मार्ग लांबचा असला तरी तोच घ्यावा.

एकापेक्षा अधिक मुले असतील तर कोण कोणाला धरणार ते निघण्याआधीच ठरवावे. वाटेत ताटातूट होते ती प्रत्येकाला मूल दुसऱ्याजवळ आहे असे वाटते म्हणून. मुलाचे नाव आणि पालकाचा फोन क्रमांक कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहावा. गळ्यातली चिठ्ठी पावसात भिजते किंवा ओढली जाते. बोलता येणाऱ्या मुलाला आपले आणि आईवडिलांचे पूर्ण नाव पाठ असावे, कारण बऱ्याच लहान मुलांना आईचे नाव फक्त ‘आई’ एवढेच ठाऊक असते.