भाड्याचा बॉयलर आणि किलोवर घेतलेली वाफ, हे दोन वेगळे सौदे आहेत

एमआयडीसीत कुणालाही विचारा, "आमच्याकडे बॉयलर भाड्याचा आहे" असंच सांगतात, पण खोदून विचारलं की कळतं अर्ध्यांकडे खरंच भाड्याचा बॉयलर आहे आणि बाकीच्यांकडे भाडं वगैरे काही नाहीच, ते वाफ विकत घेतायत, मीटरवर, किलोच्या भावाने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शेडच्या मागे दुसऱ्याचा बॉयलर, चिमणी, ब्रिकेटचा (भुसा, कचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचा) ढीग, आणि महिन्याला एक बिल. पण इंधन वाचलं तर पैसे कुणाच्या खिशात जातात हे दोन्हीत पार उलटं आहे, आणि माझ्या मते सही करायच्या आधी बघायची पहिली गोष्ट हीच.

साध्या भाड्यात तुम्ही महिन्याला ठरलेली रक्कम देता, बॉयलर येतो, जोडून मिळतो. ब्रिकेट, पाणी, लाइट, फायरमन (बॉयलरची भट्टी सांभाळणारा माणूस), राख उचलणं सगळं तुमचं. म्हणजे बॉयलर कसा जळतो याच्याशी बॉयलर भाड्याने देणाऱ्याचा काही संबंध उरत नाही, त्याचं भाडं पक्कं आहे. मग तो तुम्हाला इकॉनॉमायझर (चिमणीकडे जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवणारा भाग) लावलेला चांगला बॉयलर का देईल, यार्डात उभा असलेला जुनाच देईल ना. आणि आपले लोक भाड्यात पाच-दहा हजार कमी करून घेतले की खूश होतात, मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण खर्च भाड्यात नसतोच, तो भट्टीच्या तोंडाशी असतो.

हिशोब करून बघा. समजा रोज ३० टन वाफ लागते, ब्रिकेट किलोला ३८०० किलोकॅलरीचं, फीड वॉटर म्हणजे बॉयलरमध्ये जाणारं पाणी ३० डिग्रीचं, वाफेचं प्रेशर चौरस सेंटीमीटरला १० किलो. एक किलो वाफ करायला साधारण ६३४ किलोकॅलरी लागतात. बॉयलर ७५ टक्के एफिशियन्सीने चालला तर एक किलो ब्रिकेटमागे साडेचार किलो वाफ निघते, ६५ टक्क्यांवर आला की ३.९ च. रोजचा फरक साधारण एक टन ब्रिकेटचा पडतो. महिन्याचे २६ दिवस आणि ७ रुपये किलो धरा, १ लाख ८० हजारांच्या वर जातं. भाड्यात वाचवलेले दहा हजार कुठे आणि हे कुठे!

अजून एक, "३ टनी बॉयलर" म्हणून जो देतात तो तासाला ३ टन हा आकडा बहुतेक वेळा फ्रॉम अँड अ‍ॅट १०० डिग्रीचा असतो, म्हणजे पाणी आधीच १०० डिग्रीला आहे असं धरून काढलेला. आपण टाकतो ३० डिग्रीचं पाणी, मग त्याच बॉयलरमधून १० किलो प्रेशरला अडीच टनाच्या आसपासच वाफ मिळते, आणि मग जिगरवर (कापड रंगवायच्या मशिनवर) वाफेचं प्रेशर कमी पडलं की सगळे फायरमनला बोलतात. त्याचा काय दोष त्यात.

आता वाफ विकत घेण्याचं. इथे बॉयलर त्यांचा, इंधन त्यांचं, माणसं त्यांची, तुम्ही फक्त मीटरवर आलेल्या किलोचे पैसे देता. बॉयलर खराब जळला तर तोटा त्यांचा, म्हणून ते हवा, इंधनाचा ओलावा, फ्लू गॅसचं (चिमणीतून जाणाऱ्या धुराचं) टेंपरेचर सगळं स्वतःहून सांभाळतात, सांगावं लागत नाही. ही पद्धत मला रोज सारखा लोड असलेल्या प्रोसेसला जास्त बरी वाटते. पण मीटरच्या पुढचं सगळं तुमचं हे विसरू नका, गळका ट्रॅप (लाइनमधलं पाणी काढणारा व्हॉल्व्ह), लॅगिंग म्हणजे उष्णता राखणारं आवरण नसलेली लाइन, उघडे फ्लँज (पाइपांचे जोड), प्रत्येक किलो आता भावाने येतो. वाफ ओली आली तर तुम्ही पाण्याला वाफेचा भाव देता, म्हणून ड्रायनेस (वाफ किती कोरडी) काय मिळणार आणि मीटरला प्रेशर-टेंपरेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे ते बदलले तर वजन त्याप्रमाणे सुधारून धरायची सोय, आहे का हे लिहून घ्या. मिनिमम गॅरंटी पण असते, म्हणजे महिन्याला इतके टन घ्या नाहीतर तितक्याचे पैसे तरी द्या, आणि मंदीत दोन पाळ्या बंद झाल्या की हेच कलम गळ्याशी येतं.

सगळ्यात जास्त लोक कुठे फसतात तर कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वापरलेली वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात. तुमच्या ड्रायिंग रेंजमधून (कापड वाळवायच्या मशिनमधून) गरम पाणी परत गेलं, फीड ३० वरून ८० डिग्री झालं, तर इंधन साधारण ८ टक्के वाचतं. भाड्याच्या बॉयलरला हे ८ टक्के तुमचे. किलोवर घेत असाल तर ते सरळ त्यांच्या खिशात जातात, पाइप आणि पंप तुम्ही टाकलेला असला तरी! म्हणून परत गेलेल्या पाण्याचं मीटर वेगळं लावा आणि त्याचं क्रेडिट भावात आधीच ठरवा, नंतर कुणी देत नाही.

कायद्याचं पण सांगतो. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवीन आला, पण ओनर म्हणजे फक्त कागदावरचा मालक नाही, भाड्याने घेऊन वापरणारा पण त्यात येतो. म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली, अटेंडंटकडे लायसन्स नाही, तर "बॉयलर माझा नाहीच" हे चालत नाही. बॉयलरचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं, भाड्याचा बॉयलर दारात उतरवून घ्यायच्या आधी त्यावरची तारीख आणि प्रेशर बघा, आणि नंबर बॉयलरवर कोरलेल्या नंबरशी जुळवा. वाफ विकत घेताना चालवणारे ते असले तरी फॅक्टरी तुमची आहे, त्यामुळे हेच कागद त्यांच्याकडूनही मागा.

स्वतःचा बॉयलर इन्स्पेक्शनला उघडला आणि पंधरा-वीस दिवसांची सोय हवी असेल तर मात्र साधं भाडंच घ्या, तेवढ्यासाठी कुणी किलोवर येत नाही. फक्त तो आला की पहिल्याच दिवशी ब्रिकेट वजन करून टाका आणि फीड वॉटरचं मीटर लिहून ठेवा, आठ तासांत समजतं किलोमागे किती पाणी उडतंय. चारच्या खाली दिसलं तर आधी ब्रिकेट ओलं नाही ना बघा, ते कोरडं असेल तर त्याच संध्याकाळी फोन करा, बिल आल्यावर नाही.